चिखलाची रजई

तुळजापूर
१८ नोव्हेंबर २०२४

फरहाना,

खुशाली विचारत नाही. ती तुझ्या अम्मीनं फोनवर विचारलेली असते आणि फोन ठेवल्यावर मी न विचारता मला सांगितलेली असते. मला जे बोलायचं आहे ते मी कागदावर लिहिणार. कागदाचं एक बरं असतं, मधे तुला बोलता येत नाही.

तुझं पार्सल मिळालं. पोस्टमननं ते दुकानाच्या फळीवर ठेवलं आणि विचारलं, "चाचा, काय हाय वो एवढं? कपडे का?" मी म्हटलं, चिंध्या आहेत. उघडलं तर खरंच चिंध्या निघाल्या. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून केलेली ही एवढी थोरली खोळ, आपल्या दोन्ही पलंगांवर पसरून खाली लोळेल अशी. वर तुझं पत्र. ते मी दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी मला वाटलं की चष्म्यात काहीतरी बिघाड आहे.

म्हणजे झालं असं. तिकडे रायगड जिल्ह्यात कुठल्याशा खाडीकाठच्या गावात तू राहतेस. त्या खाडीत चिखल आहे. कुण्या कंपनीनं त्या चिखलावर डंपर भरभरून माती ओतली आणि ट्रक उभे करायला जागा केली. आता तुम्हाला ती जागा नको. तुम्हाला चिखल परत पाहिजे, चिखलात उगवणारी ती खारफुटी परत पाहिजे, खेकडे पाहिजेत. म्हणून तू गावातल्या कोळणींची जुनी लुगडी गोळा करून चिखलाचं चित्र शिवलंस. ते ग्रामसभेत टांगायचं, लोकांनी ते बघायचं, आणि बघून भराव उपसायचा ठराव करायचा. आणि त्या चित्रात कापूस भरायची वेळ आली तेव्हा तुला तुझा बाप आठवला.

इकडे माणसं शेततळ्यात प्लास्टिक अंथरून पाणी जपतात, तिकडे तुम्ही आयत्या कोरड्या जमिनीत खारं पाणी घ्यायला निघालात. शिकलेल्या माणसांचे खेळच वेगळे. चिखल बघायची एवढी हौस होती तर माकणीला जायचं होतंस. उन्हाळ्यात धरण उतरलं की तिथं पाहिजे तेवढा पडलेला असतो. त्याची कुणी रजई शिवत नाही.

आता खरं बोलतो. मी गादी कारखाना चालवला, पण तुला त्याची पायरी चढू दिली नाही. शाळेतून आलीस की तू मागच्या दारानं घरात जायचीस, आठवत असेल. कापसाची धूळ माझ्या छातीत बसली, तुझ्या बसू नये, एवढंच मला पाहिजे होतं. सोलापूरला बँकेत लागलीस त्या दिवशी मी भर बाजारातून विनाकारण दोन चकरा मारल्या, भेटेल त्याला सांगत. आणि ती बँक सोडून तू काय धरलंस, तर सुईदोरा. जे आम्ही पोटासाठी केलं ते तू हौसेनं करतेस आणि त्याला कला म्हणतेस. याचा मला राग आहे. लोकांना वाटतं तो कमी झाला असेल. झालेला नाही.

खोळ तुझ्या अम्मीनं कपाटावर टाकली आहे. पाहिजे असेल तर कुणाला तरी न्यायला पाठव. मी हात लावणार नाही.

बाबामियाँ पिंजारी


तुळजापूर
५ डिसेंबर २०२४

फरहाना,

रजई भरून पाठवली आहे. का भरली हे विचारू नको.

विचारशीलच, म्हणून सांगतो. तुझी अम्मी रोज ती खोळ कपाटावरून काढायची, अंगणात उन्हाला टाकायची आणि संध्याकाळी घडी करून परत वर ठेवायची. बोलायची काही नाही. रजियाबी बोलत नाही तेव्हा घरात राहणं अवघड होतं, हे तुलाही माहीत आहे. त्यात एके दिवशी रामकिसन आला. मंदिराच्या उताराला त्याचं लॉज आहे, गाद्या-उशा सगळ्या आपल्याकडच्या. त्यानं ती खोळ वाळत पडलेली बघितली आणि म्हणाला, "बाबामियाँ, पोरगी बँकंतून निघून गोधड्या शिवायली म्हणं? म्हंजी तुमच्याच लायनीत आली की." मी त्याला म्हटलं, तुझ्या लॉजच्या उशांना वास मारतोय, त्या आधी बघ. तो हसत गेला.

पण डोकं ठिकाणावर राहिलं नाही. म्हटलं, चार लोकांसमोर टांगणारच असेल तर निदान कुणी नाव ठेवू नये. आपल्या घराण्याच्या पोरीची रजई आहे. मशीनवर कापूस पिंजून घेतला असता तर दुपारपर्यंत काम झालं असतं, पण मशीन कापसाचा धागा तोडतं. भिंतीवरची पिंजायची धनुकली खाली काढली. तिची तात, म्हणजे दोरी, सैल झाली होती, ती ताणून घेतली आणि हातानं पिंजला. खोकला आला. तो तसाही येतो. कापूसही लॉजच्या गाद्यांना घालतो तो नव्हे, लांब धाग्याचा, मी घरासाठी ठेवलेला.

तुझ्या खोळीवर खडूनं ओढलेल्या वाकड्यातिकड्या रेघा होत्या, जोडीजोडीनं. कागदावर तू लिहिलं होतंस, दोन रेघांच्या मधे कापूस घालू नका, रिकामं ठेवा. आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. कापूस पुरायचा नाही म्हणून तू तसं लिहिलंस हे मला कळलं. सरळ लिहायची लाज वाटली असेल. गरिबाघरची बाई खोळ घेऊन येते तेव्हा तीही अशीच बोलते, "चाचा, पायाकडं जरा कमीच घाला, पायाला काय थंडी वाजत न्हाय." मी कधी कुणाच्या पायाकडे कमी घातलेला नाही. तुझ्या रजईतही कुठं कमी नाही. तुझ्या त्या रेघांच्या मधे तर मी मुद्दाम दाबून भरलाय आणि वरून सरळ ओळीत टाके घातलेत, रजईला घालतात तसे. बाप अजून जिवंत आहे.

डोळे मिटून वरून हात फिरव. कुठं हाताला खड्डा लागला तर मला पत्र लिही.

बाबामियाँ


तुळजापूर
२० डिसेंबर २०२४

फरहाना,

पत्र मिळालं. "अब्बा, तुम्ही आमची खाडी बुजवली." एवढं एक वाक्य लिहायला तुला सगळा कागद लागला, बाकी नुसतं समजावणं.

आता मला कळलं की त्या रेघा म्हणजे ओहोळ. भरतीचं पाणी त्यातून आत शिरतं, ओहोटीला बाहेर जातं, आणि ते बुजले की चिखल आतून सडतो, खारफुटी मरते. कंपनीनं नेमके तेच बुजवले. तू म्हणतेस हे पहिल्या पत्रात लिहिलं होतं. असेल. पण तू ते अशा भाषेत लिहिलं होतंस की वाचणाऱ्याला वाटावं, बाईला ताप आलाय.

त्यात तू हे पण कळवलंस की गावातल्या कुण्या म्हाताऱ्या कोळणीनं रजईवरून हात फिरवला आणि म्हणाली, हे तर भराववाल्याचंच काम. बायका हसल्या. वा. आजवर माझ्या कामाला लोकांनी महाग म्हटलं, उशिरा दिलं म्हटलं. अशी शिवी कुणी दिली नव्हती. ज्या बाईला चिखलात पाय घालून आयुष्य काढावं लागलं तिला माझ्या कापसात खोट दिसली.

आता तू लिहितेस, उसवा, ओहोळातला कापूस काढा आणि दोन्ही काठांनी टाके घाला. म्हणजे माझ्या हातानं मी खड्ड्यांची रजई करायची. खड्डा म्हणजे काय ते तुला माहीत नाही, कारण मी तुला दुकानात येऊ दिलं नाही. आमच्या धंद्यात खड्डा म्हणजे चोरी. गिऱ्हाईक स्वतःचा कापूस आणून देतं. घरी नेल्यावर रजईत हाताला खड्डा लागला की म्हणतं, पिंजाऱ्यानं खाल्ला. माझा बाप ईटला आणि आजूबाजूच्या खेड्यांत धनुकली खांद्यावर टाकून दारोदार फिरायचा. तो अंगणात पिंजायला बसला की घरातली बाई उंबऱ्यावर येऊन बसायची. काम बघायला नाही, हात बघायला. कापसाचा बोळा टोपीत तर घालत नाही ना, सदऱ्यात तर घालत नाही ना. दुपारचं जेवणही तो त्या नजरेखालीच जेवायचा. मी त्याच्या शेजारी बसलेला असायचो. म्हणून मी सारखं भरायला शिकलो, असं सारखं की माझ्या हाताकडे बघायची कुणाला गरज वाटू नये. तुझ्या चिखलासाठी मी ते सोडणार नाही.

तू लिहितेस, तुम्ही मला शिकवलंच नाही, नाहीतर मीच उसवलं असतं. बरोबर आहे. शिकवलं नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही.

रजई परत पाठवू नको. पाठवलीस तर आली तशी परत जाईल.

बाबामियाँ


तुळजापूर
११ जानेवारी २०२५

फरहाना,

पाठवलीसच.

आणि काय अवस्था करून पाठवलीस. एका कोपऱ्यात तू स्वतः उसवायला गेलीस आणि टाक्यांबरोबर कापडही कापलंस. कात्रीनं टाके उसवतात काय? टाका सुईच्या टोकानं उचलायचा असतो, एक सोडून एक, मग दोरा आपोआप निघून येतो. आपल्या गल्लीतल्या कुठल्याही पोरीनं सांगितलं असतं. बँकेच्या परीक्षेत हे विचारत नसतील.

ते फाटलेलं बघवेना म्हणून मी फक्त तो कोपरा नीट करायला घेतला. कोपरा शिवायचा तर आधी आतला कापूस बाजूला घ्यावा लागला, आणि तो बाजूला घेतला तर तुझा एक ओहोळ मोकळा झाला. आता एक मोकळा आणि बाकीचे बुजलेले, ही तर आणखीच अडाणी रजई दिसायला लागली. अर्धवट काम मला पाहवत नाही. मग दुसरा मोकळा केला. तो पुढे जाऊन तिसऱ्याला मिळत होता, म्हणून तिसरा. असं करत करत सगळे टाके उसवले. दोन बोटं आत घालून, कापडाला ताण न देता, चिमटीनं कापूस ओढत आणायचा. भरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट उपसायला लागला. मी दाबून भरला होता ना.

तुझी अम्मी दुसऱ्या बाजूनं खोळ धरून बसली होती. सगळं झाल्यावर, काठांना टाके घालून रजई फळीवर टाकली तेव्हा ती लांब उभी राहून म्हणाली, "आता दिसायलंय बघा पाणी." मला पाणी दिसलं नाही. मला खड्डे दिसले.

आणि तेवढ्यात रामकिसन. हा माणूस नेमक्या वेळेला कसा येतो हे मला आजवर उमगलेलं नाही. त्यानं रजईवर हात ठेवला, हात ओहोळात गेला, आणि तो चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबामियाँ, निम्मा कापूस घरीच ठिवला काय वो?"

हसत म्हणाला. पण म्हणाला. टपरीवरच्या दोघा-तिघांनी माना वळवल्या. मी त्याच्याएवढ्या मोठ्यानं म्हटलं, "व्हय, ठिवलाय. ह्यो बघ." आणि उपसलेला सगळा ढीग त्याच्यासमोर ओतला. म्हटलं, "पोरीनं काढायला सांगितलाय. तिथनं पाणी येतंय."

"कुठलं पाणी?"

"तुला न्हाय कळायचं," मी म्हटलं.

मलाही कळलेलं नव्हतं. पण ते रामकिसनला सांगायची गरज नव्हती.

रजई पाठवतो आहे. उपसलेला कापूसही वेगळ्या पिशवीत घातला आहे. कुणी काही बोललं तर पिशवी दाखव. माझं नाव मात्र कुठंही घालू नको आणि कुणी विचारलं तरी सांगू नको. तुझ्या सभेत काय व्हायचं ते होऊ दे, खड्ड्यांच्या रजईला माझं नाव नको.

बाबामियाँ


तुळजापूर
४ फेब्रुवारी २०२५

फरहाना,

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत काय झालं ते तू अम्मीला सांगितलंस, आणि मला सांगू नको असंही सांगितलंस. तिनं आठवडाभर कळ काढली. काल भाकरी थापता थापता सगळं बोलून गेली.

कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब झाली, हे ठीक आहे. सभा तहकूब होण्यासाठीच असतात. पण त्याआधी कंपनीचा एक माणूस उठला, भिंतीवर टांगलेल्या रजईपाशी गेला, ओहोळात बोटं दाबली आणि लोकांकडे वळून म्हणाला, "कुठल्या पिंजाऱ्याकडून भरून आणलीय? त्यानं निम्मा कापूस खाल्लाय. ह्या बाईला एक रजई धड भरून घेता आली नाही आणि ही आपली खाडी नीट करणार." आणि सगळे हसले. तुमच्या बाजूचेही हसले. ती म्हातारी कोळीणसुद्धा पदराआड हसली, असं तुझी अम्मी म्हणते.

आणि तू गप्प बसलीस. पिशवीतला कापूसही काढला नाहीस, कारण तो दाखवला असता तर कुणाचा, कुणी भरला, कुणी काढला हे निघालं असतं, आणि मी नाव घेऊ नको म्हटलं होतं. कॉलेज सांगितलं ते घेतलं नाहीस, वसीमचं स्थळ सांगितलं ते केलं नाहीस, बँक सोडू नको म्हटलं तर सोडलीस. जन्मात माझं एक ऐकलंस, आणि ऐकलंस ते नेमकं हे.

ज्या माणसानं आयुष्यात सुईत दोरा ओवला नाही, जो दुसऱ्याच्या चिखलात माती ओतून पगार घेतो, तो मला चोर म्हणाला. माझ्या बापाला उंबऱ्यावरून बायका नुसत्या बघायच्या, तोंडानं बोलायच्या नाहीत. हा पंचायतीच्या भिंतीपुढे उभा राहून बोलला. आणि त्यातून तो तुला हसला. तुझ्यावर हसायचा हक्क माझा आहे. तो मी कुण्या कंपनीच्या माणसाला दिलेला नाही.

तहकूब झालेली सभा या महिन्याच्या शेवटी आहे असं कळलं. मी येतोय.

माझी चिंता करू नको, मी चिखलावर भाषण करणार नाही. चिखलाबद्दल माझं मत होतं तेच आहे. मी एवढंच सांगणार की ही रजई मी भरली होती. पोरीनं लिहून कळवलं होतं की इथं नको, तरी भरली, कारण तिच्यापेक्षा मला जास्त कळतं असं मला वाटलं. तिचं भलं करतोय असं वाटलं. सारखी दिसत होती, छान दिसत होती, आणि तिच्या काही कामाची नव्हती. मग मी ती उपसली. वेळ लागला, बोटं सोलली, पण कापड फाटलं नाही. जिथं फाटलं होतं ते पोरीनं कात्री चालवली म्हणून, तेही मी सांगणार आहे, तुला राग आला तरी. पिशवी मी स्वतः उघडून दाखवीन. आणि मग त्या माणसाला म्हणेन, आता ते वाक्य माझ्या तोंडासमोर परत म्हण.

लोकांना पटलं तर पटलं. नाही पटलं तर तुमचं गाव, तुमचा भराव. मी माझ्या कामाचा जबाब द्यायला येतोय, आणि तू उभी असशील तिथं शेजारी उभा राहायला येतोय. हे दुसरं तुझी अम्मी म्हणाली म्हणून लिहिलेलं नाही. मलाच लिहायचं होतं.

तिथं राहायचं कुठं, खायचं काय, ते तू बघ. मासे मी खात नाही, त्यांचा वास नाकातून जात नाही. तू बँकेत परत जावंस हे मी तिथंही बोलणार, ते ऐकायची तयारी ठेव.

सभेच्या आदल्या दिवशी एसटीनं निघून पनवेलला उतरेन. घ्यायला तू ये, दुसऱ्या कुणाला पाठवू नको. मी आयुष्यात समुद्र बघितलेला नाही, आणि तो कोणत्या बाजूला आहे हे मला परक्या माणसाला विचारायचं नाही.

अब्बा